डेबियन १२ वरून १३ वर जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबियन ही एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम. डेबियन १३, टोपणनाव ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म वापरणारे लोक त्यावर जाताना जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. अपग्रेडची मुख्य कमांड मारताना सगळ्यांची छाती धडधडते, पण घोळ होतो तो बहुधा त्याआधीच झालेला असतो: गच्च भरलेलं बूट पार्टिशन, कधीकाळी जोडलेली आणि विसरलेली परकी रिपॉझिटरी (प्रोग्रामांच्या पॅकेजेसचा साठा), न घेतलेला बॅकअप. त्यामुळे इथे तयारीवर जास्त आणि मुख्य कमांडवर कमी लिहिलं आहे.

कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि जिथे गरज आहे तिथे आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावायचं.

बुकवर्म मस्त चाललंय. मग हात कशाला लावायचा?

लगेच लावायलाच हवा असं नाही. बुकवर्म १० जून २०२३ ला आलं. डेबियनची मूळ सुरक्षा टीम त्याच्याकडे १० जून २०२६ पर्यंत बघते, आणि पुढे ३० जून २०२८ पर्यंत ते एलटीएस (दीर्घ मुदतीचा आधार देणाऱ्या) टीमकडे असतं. एलटीएस म्हणजे सगळं पहिल्यासारखंच असं मात्र समजू नका. त्यात प्रोसेसरचे मोजकेच प्रकार येतात आणि काही पॅकेजेस वगळलेली असतात. घरच्या लॅपटॉपवर दोन-चार महिने इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. इंटरनेटवर उघडा असलेला सर्व्हर असेल तर मूळ टीमची मुदत संपायच्या आत अपग्रेड उरकलेलं बरं. ट्रिक्सीला ९ ऑगस्ट २०२८ पर्यंत पूर्ण आणि ३० जून २०३० पर्यंत एलटीएसचा आधार आहे.

माझ्याकडे अजून डेबियन ११ आहे. थेट १३ वर उडी मारू का?

नाही. ११ वरून १२, मशीन रीस्टार्ट करून सगळं ठीक चालतंय हे बघायचं, मग १२ वरून १३. मधली पायरी गाळून केलेलं अपग्रेड कोणी तपासलेलंच नसतं. अडकलात तर मदत करणाराही पहिला प्रश्न हाच विचारेल की मधलं का गाळलं.

जुना ३२ बिटचा पीसी आहे. त्यावर चालेल?

इथे थांबा. ट्रिक्सीमध्ये ३२ बिट इंटेल-एएमडी मशीनसाठी अधिकृत कर्नल (सिस्टीमचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ३२ बिटची पॅकेजेस ठेवली आहेत ती ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवता यावेत म्हणून. त्यामुळे ३२ बिट बुकवर्म असेल तर अपग्रेड करूच नका.

पण मशीन भंगारात काढण्याआधी एलएससीपीयू ही कमांड मारून बघा. सुरुवातीलाच सीपीयूचे ऑपरेशन मोड दिलेले असतात. तिथे ३२ आणि ६४ दोन्ही दिसले तर प्रोसेसर ६४ बिटचाच आहे, फक्त त्यावर ३२ बिटची सिस्टीम टाकलेली आहे. २००८ नंतरच्या पुष्कळ डेस्कटॉपची हीच गोष्ट निघते. तिथे होम फोल्डरचा बॅकअप घेऊन ६४ बिटचं ट्रिक्सी नव्याने टाकणं हाच सरळ रस्ता.

तयारीत नेमकं काय काय करायचं?

पहिला बॅकअप. होम आणि ईटीसी हे दोन फोल्डर दुसऱ्या डिस्कवर. 'दुसऱ्या डिस्कवर' हे मुद्दाम लिहितोय, कारण त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेल्या प्रतीला लोक सर्रास बॅकअप म्हणतात. डेटाबेस असेल तर त्याचा डंप वेगळा घ्या. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करून भागत नाही. डीपीकेजी गेट-सिलेक्शन्स ही कमांड इन्स्टॉल असलेल्या पॅकेजांची यादी देते. ती फाइलमध्ये साठवून तीही बाहेर ठेवा. उद्या नव्याने टाकायची वेळ आलीच तर काय काय होतं ते आठवत बसावं लागणार नाही.

मग ॲप्ट या पॅकेजेस आणून बसवणाऱ्या अवजाराने बुकवर्म पूर्ण अद्ययावत करा: ॲप्ट अपडेट, ॲप्ट अपग्रेड, नवीन कर्नल आलं असेल तर रीस्टार्ट. डीपीकेजी ऑडिट मारून अर्धवट इन्स्टॉल झालेलं काही पडून आहे का ते बघा. ॲप्ट-मार्क शोहोल्ड मारून एखादं पॅकेज तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या माणसाने अडवून ठेवलंय का तेही बघा. दोन्ही कमांडनी काहीच छापलं नाही तर उत्तम.

आता जागा. डीएफ मारल्यावर सगळे मुख्य पार्टिशनकडे बघतात आणि बूटकडे कोणाचं लक्ष जात नाही. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते किमान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळी जागा असावी, असं डेबियननेच सांगितलं आहे. कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही फुगले आहेत. डेबियन १० किंवा त्याआधी बसवलेली आणि तेव्हापासून अपग्रेड होत आलेली मशीन हमखास इथे अडतात, कारण तेव्हा इन्स्टॉलर बूटला फारच कमी जागा द्यायचा. सध्या चालू असलेलं कर्नल कोणतं ते युनेम आर ने बघा, ते सोडून बाकीची जुनी कर्नल काढा, आणि तरीही जागा कमी पडत असेल तर आधी पार्टिशन वाढवायचं बघा. नवीन इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) लिहिताना बूट भरलं तर कर्नलची पॅकेजेस अर्धवट अडकतात, आणि अशा वेळी घाईत रीस्टार्ट केलं तर मशीन उठेलच याची खात्री नसते.

क्रोम, डॉकर वगैरेंच्या रिपॉझिटरी जोडल्या आहेत. त्यांचं काय?

अपग्रेड होईपर्यंत बंद. ईटीसीमधल्या ॲप्ट फोल्डरात सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी नावाचं फोल्डर असतं, त्यात या सगळ्या राहतात. फाइली उडवू नका. आतल्या ओळींपुढे हॅश टाकला की पुरे. बॅकपोर्ट्सची (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसची) ओळ असेल तर तीही तशीच बंद करा.

बाहेरून आलेली पॅकेजेस कोणती हे आठवत नसेल तर ॲप्ट-फोर्कट्रेसर नावाचं छोटं अवजार टाकून चालवा. डेबियनच्या सध्याच्या रिपॉझिटरीशी न जुळणारी सगळी पॅकेजेस ते समोर मांडतं. यादी बघून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. कधीतरी प्रिंटरसाठी हाताने टाकलेलं डेब पॅकेज, एखादा बंद पडलेला पीपीए (उबुंटूसाठीची खाजगी रिपॉझिटरी), असं काहीबाही निघतं. वापरात नसेल ते आत्ताच काढून टाका.

अपग्रेड झाल्यावर प्रत्येक बाहेरच्या रिपॉझिटरीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहून एकेक चालू करायची, आणि तिथे ट्रिक्सीची पॅकेजेस खरंच ठेवलेली आहेत का ते आधी बघायचं. ट्रिक्सीत ॲप्ट-की ही कमांड राहिलेली नाही. त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या सूचनांतली 'ॲप्ट-की ॲड' असलेली ओळ आता नुसती एरर देईल. रिपॉझिटरीची सही तपासणारी किल्ली कीरिंग्ज फोल्डरात ठेवून साइन्ड-बाय मध्ये तिचा पत्ता द्यायची पद्धत आता वापरायची.

सोर्सेस डॉट लिस्टमध्ये नेमकं काय बदलायचं?

ॲप्टने पॅकेजेस कुठून आणायची ते या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे जिथे जिथे बुकवर्म आहे तिथे ट्रिक्सी. साधारण तीन ओळी असतात: मुख्य, अपडेट्स आणि सिक्युरिटी. पहिलीत नुसतं ट्रिक्सी येतं, दुसरीत ट्रिक्सी-अपडेट्स आणि तिसरीत ट्रिक्सी-सिक्युरिटी. सिक्युरिटीची ओळ बदलायची राहून जाते, तेवढी दोनदा बघा. वायफायला बंद स्रोताचं फर्मवेअर लागत असेल तर ओळीच्या शेवटी नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्द हवाच. हा विभाग बुकवर्मपासून वेगळा झाला आहे, पण ११ वरून घाईत आलेल्या काही मशीनवर तो अजून जोडलेलाच नसतो.

टोपणनावाऐवजी 'स्टेबल' असं लिहिलेलं असेल तर ते आता बदलून ट्रिक्सी करा. स्टेबल लिहिलं की पुढची आवृत्ती आली त्या दिवसापासून तुमचं मशीन तिच्याकडे बघायला लागतं, तुमची तयारी असो वा नसो.

आधी अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. दोनदा कशाला?

ॲप्ट अपडेट झालं की पहिला टप्पा असतो ॲप्ट अपग्रेड, त्याला विदाउट-न्यू-पीकेजीएस हा पर्याय जोडून. यात नवीन पॅकेज न टाकता आणि जुनं न काढता जेवढं पुढे नेता येईल तेवढंच जातं. दुसरा टप्पा ॲप्ट फुल-अपग्रेड. यात काढाकाढी आणि भर दोन्ही होतात. सरळ दुसऱ्यावर गेलात तरी पुष्कळदा निभावतं, पण एकदम सगळा गुंता सोडवायला दिला की ॲप्ट कधीकधी नको ते पॅकेज काढायचं सुचवतं. पहिल्या टप्प्याने गुंता आटोक्यात येतो.

फुल-अपग्रेड 'हो की नाही' विचारतं तेव्हा काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शांतपणे वाचा. या वेळी ती लांबलचक असेल आणि त्यात लिब अशी सुरुवात असलेली पुष्कळ नावं दिसतील. घाबरू नका. उदाहरणार्थ, लिबएसएसएल३ जातं आणि त्याच्या जागी लिबएसएसएल३टी६४ येतं. हे टी६४ प्रकरण २०३८ च्या अडचणीमुळे आलं. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजणाऱ्या प्रोग्रामांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, संपतो. ट्रिक्सीत ३२ बिट इंटेल सोडून सगळीकडे वेळ ६४ बिटमध्ये मोजली जाते, आणि त्यासाठी ढीगभर लायब्रऱ्यांची नावं बदलावी लागली. तुमच्या ६४ बिट मशीनवर वेळ आधीच ६४ बिटमध्ये होती, तरी नावं सगळीकडे सारखी राहावीत म्हणून तिथेही बदलली.

थांबायचं कधी? काढायच्या यादीत तुमचा डेस्कटॉप, डेटाबेस सर्व्हर, नेटवर्क-मॅनेजर किंवा कर्नलचं मूळ पॅकेज दिसलं की. अशा वेळी एन दाबा आणि कोणत्या बाहेरच्या पॅकेजमुळे हे होतंय ते शोधा. जवळपास नेहमीच तिथेच सापडतं.

मध्येच कॉन्फिग फाइलबद्दल विचारतं. वाय की एन?

ज्या फाइलमध्ये तुम्ही बदल केला आहे आणि जी नव्या पॅकेजमध्येही बदलली आहे, तिच्याबद्दलच डीपीकेजी विचारतं. म्हणजे हा प्रश्न आला की तिथे कोणीतरी कधीतरी हात घातलेला आहे एवढं नक्की. वाय किंवा आय म्हणजे नवी फाइल घ्या, एन किंवा ओ म्हणजे आपली ठेवा, डी म्हणजे दोन्हींतला फरक दाखवा, झेड म्हणजे जरा शेलमध्ये जाऊन बघू द्या. नुसतं एंटर दाबलं तर आपली फाइल राहते.

आधी डी. फरक एखाद्या टिप्पणीच्या ओळीचा असेल आणि तुमचा बदल तुम्हाला हवा असेल तर एन. हा बदल आपण केल्याचं आठवतही नसेल तर वाय घ्यायला हरकत नाही, कारण जुनी फाइल डीपीकेजी-ओल्ड असं शेपूट लावून बाजूला ठेवली जाते. एन म्हटलं तर नवी फाइल डीपीकेजी-डिस्ट म्हणून शेजारी राहते. एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगसाठी वेगळ्या चौकटीत मेनू येतो, पण प्रश्न तोच असतो. लांबून काम करत असाल तर तिथे आपली फाइल ठेवा. पोर्ट बदललेला असेल आणि नवी फाइल घेतलीत तर पुढच्या वेळी आत शिरता येणार नाही.

एक अपवाद डव्हकॉटचा. मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनी एन दाबून सुटका होणार नाही. ट्रिक्सीतल्या डव्हकॉटची कॉन्फिग जुन्या आवृत्तीशी जुळतच नाही, ती नव्याने लिहावी लागते. ते काम चाचणी मशीनवर आधी करून ठेवा आणि मगच मुख्य सर्व्हरला हात लावा.

सर्व्हर दूर आहे. एसएसएचवरून करू का?

करा, पण टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्रामच्या आत. लाइन तुटली तरी आतलं काम चालू राहतं आणि परत जोडून घेता येतं. बुकवर्म पूर्ण अद्ययावत करायला वर सांगितलं त्याचं एक कारण इथे आहे: ओपनएसएसएच सर्व्हर बुकवर्ममधल्याच ताज्या दुरुस्तीवर नसेल तर अपग्रेड चालू असताना नवीन एसएसएच जोडणी होत नाही. नेमकी त्याच वेळी लाइन गेली तर बसा हात चोळत.

डीएसए प्रकारच्या जुन्या किल्ल्या आता अजिबात चालत नाहीत. तसल्या किल्लीवर अजून कोणी आत येत असेल तर आधी ईडी२५५१९ ची नवी किल्ली बनवून घ्या. काही हार्डवेअरवर नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं, आणि जुनं नाव कॉन्फिगमध्ये लिहिलेलं असेल तर रीस्टार्टनंतर नेटवर्कच येत नाही. म्हणून होस्टिंगवाल्याकडून वेब कन्सोल मिळतो का, त्याचा पासवर्ड चालतो का, हे आधी बघा. कन्सोल नाही आणि जागेवर जाऊ शकेल असं कोणी नाही, अशा सर्व्हरला मी तरी रात्री हात लावणार नाही.

मध्येच वीज गेली तर?

लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, झाकण उघडं ठेवून करा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर काम दोन भागांत करा: आधी फुल-अपग्रेडला डाउनलोड-ओन्ली हा पर्याय जोडून सगळी पॅकेजेस उतरवून ठेवा, आणि वीज टिकेल अशा वेळी खरं अपग्रेड. पावसाळ्यात गावाकडे हेच शहाणपणाचं. डाउनलोड कितीदाही तुटलं तरी काही बिघडत नाही, पुढे चालू होतं.

तरीही मध्येच बंद पडलं तर मशीन चालू करून डीपीकेजी कॉन्फिगर ए, मग ॲप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, मग परत ॲप्ट फुल-अपग्रेड. बहुतेकदा एवढ्याने गाडी रुळावर येते. ग्राफिकल स्क्रीन येत नसेल तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा आणि तेच करा. लॉक फाइल उडवायचा सल्ला कुठे वाचलात तर आधी दुसरं ॲप्ट खरंच चालू नाही ना, ते बघा.

कॉलेजच्या लॅबमध्ये पुष्कळ मशीन आहेत. प्रत्येकावर वेगळं डाउनलोड करायचं?

गरज नाही. एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका आणि बाकीच्यांच्या ॲप्टला प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता द्या, पोर्ट ३१४२. पहिलं मशीन इंटरनेटवरून पॅकेजेस आणेल, बाकीची लॅबच्या आतल्या आत घेतील. पहिल्याचं अपग्रेड पूर्ण होऊ द्या आणि मग इतरांचं सुरू करा.

अपग्रेड झालं. आता काहीतरी वेगळं वागतंय.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या गोष्टी अशा. टीएमपी फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतं आणि जास्तीत जास्त निम्मी रॅम घेतं. दोन-चार जीबी रॅमच्या मशीनवर मोठा व्हिडिओ किंवा आयएसओ तिथे उतरवला की 'जागा नाही' असा निरोप येतो. जुनं वागणं हवं असेल तर सिस्टीमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट मारून रीस्टार्ट करा.

कर्नलचे पर्याय तुम्ही सिससीटीएल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहिले असतील तर ती फाइल आता सुरू होताना वाचली जात नाही. त्या ओळी सिससीटीएल डॉट डी फोल्डरात वेगळ्या फाइलमध्ये हलवा. 'लास्ट' ही कमांड सापडत नाही म्हणून लोक गोंधळतात. त्यासाठी डब्ल्यूटीएमपीडीबी हे पॅकेज टाकायचं. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल आणि शिफारस केलेली पॅकेजेस न टाकण्याची सेटिंग तुम्ही ठेवली असेल, तर सिस्टीमडी-क्रिप्टसेटअप हे पॅकेज आलंय का ते रीस्टार्टच्या आधी बघा.

पायथन ३.११ वरून ३.१३ वर गेलं आहे. जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करत बसू नका, नव्याने बनवा. पीएचपी ८.२ चं ८.४ झालं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर कर्नलचे हेडर देणारं लिनक्स-हेडर्स पॅकेज इन्स्टॉल असायला हवं, नाहीतर नव्या कर्नलसाठी तो बांधलाच जात नाही आणि स्क्रीन काळी राहते.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी जपून. अपग्रेडनंतर १५ चा क्लस्टर, म्हणजे तुमचा डेटा, जुन्याच जागी चालू असतो आणि शेजारी १७ चा रिकामा क्लस्टर तयार होतो. तो रिकामा पीजी-ड्रॉपक्लस्टरने काढायचा, मग पीजी-अपग्रेडक्लस्टरने १५ चा डेटा १७ मध्ये न्यायचा. ड्रॉप करताना आकडा १७ आहे ना, हे एंटर दाबायच्या आधी मोठ्याने वाचा. मारियाडीबीला मात्र अपग्रेडच्या आधीच नीट बंद करायचं असतं. क्रॅश झालेल्या अवस्थेतून ती पुढच्या आवृत्तीवर धड जात नाही.

मराठी टायपिंग गेलं!

गेलेलं नसतं. केडीई वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण त्याचा डेस्कटॉप प्लाझ्मा ६ हा वेलँड या डिस्प्लेच्या पद्धतीवर सुरू होतो. सिस्टीम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली व्हर्च्युअल कीबोर्ड हा भाग आहे, तिथे आयबस वेलँड (आयबस म्हणजे मराठी टायपिंग चालवणारं अवजार) निवडा आणि लॉगआउट करून परत या. ग्नोममध्ये आयबस आपोआप चालतं. मराठीचा पर्याय दिसत नसेल तर आयबस-एम१७एन पॅकेज आहे का ते बघा. त्यात इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

नाही जमलं. परत १२ वर जाता येईल?

ॲप्टने नाही. खालच्या आवृत्तीवर उतरणं डेबियनमध्ये करता येतं असं धरूच नका. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट किंवा आधी घेतलेली पूर्ण डिस्कची प्रत, यांतलं काही असेल तर परतीची वाट आहे. नसेल तर नव्याने टाकणं आणि होम परत आणणं.

साफसफाई कधी करायची?

दोन-तीन दिवस वापरून झाल्यावर. नव्या कर्नलवर वायफाय, आवाज, प्रिंटर, लॅपटॉपचं झोपणं-उठणं हे सगळं तपासा. तोवर जुनं कर्नल ठेवा, ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या) मेनूतून त्यावर जाता येतं. मग ॲप्ट ऑटोरिमूव्ह, पण त्याचीही यादी वाचून, आणि पोस्टग्रेस १५ हलवलं नसेल तर आज नाहीच. सोर्सेसच्या फाइली नव्या पद्धतीच्या करायला ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस ही एक कमांड पुरते.

उबुंटू, मिंट किंवा रास्पबेरी पायवर हेच करायचं?

नाही. उबुंटूत डू-रिलीज-अपग्रेड आहे आणि मिंटचं स्वतःचं अपग्रेडचं अवजार आहे. तिथे हाताने सोर्सेस बदलू नका. रास्पबेरी पाय ओएससाठी बनवणारेच नव्या कार्डवर ताजी प्रत टाकायला सांगतात, आणि जुनं कार्ड बाजूला ठेवता येत असल्याने ते सोपंही पडतं.